वाडं फुकटचं, पेंड विकतची : गावातल्याच वैरणीवर म्हशीचं दूध वाढतं का?

चिकोत्राकाठ

राम राम मंडळी. कागल तालुक्यातला आहे. दावणीला चार म्हशी : दोन पंढरपुरी, दोन मुऱ्हा. तीन दुधात, एक मुऱ्हा गाभण.

साखर कारखाने सुरू झाले की आमच्या भागात वैरण म्हणजे वाडं (कुणी वाढं म्हणतं), उसाचे हिरवे शेंडे. घरच्या उसाची तोड असली तर फुकट, नाहीतर तोडकऱ्यांच्या बायका फडातच पेंढ्या बांधून विकतात, त्या घ्यायच्या. हंगाम संपेपर्यंत गव्हाणीत दुसरं फारसं काही पडत नाही. वाडं, थोडा कडबा आणि विकतची गोळी पेंड. मुऱ्ह्याला दोन्ही वेळची मिळून पाच-साडेपाच किलो, पंढरपुरीला चार. मुऱ्हा नऊ लिटरच्या आसपास देते, पंढरपुरी सहा.

डेअरीचं बिल दर दहा दिवसांनी होतं आणि निम्म्याहून जास्त रक्कम पेंडेत वळती होते. दुधाची फॅट ६.२-६.४ टक्क्यांच्या वर चढत नाही. वडील म्हणतात, पूर्वी शाळूचा (रब्बी ज्वारीचा) कडबा, बांधाचं गवत आणि मूठभर सरकी एवढ्यावर साडेसात फॅट लागायची. (वडिलांच्या आठवणीतली फॅट दरवर्षी थोडी वाढते हे खरं, पण तरीही.)

शेजारी म्हणतो नेपियर गवत लाव आणि पेंड बंद कर. पेंडेचा दुकानदार म्हणतो पेंड कमी केलीस तर म्हैस आटेल. शेजारी नेपियरचे ठोंब विकतो, त्यामुळं दोघांच्याही सल्ल्याची किंमत मला ठाऊक आहे. पाणी आहे, अर्धा एकर रान वैरणीला काढू शकतो. पेंड निम्म्यावर आणून दूध आणि फॅट टिकेल का? ज्यांनी केलंय त्यांनी लिहा.

बांधकरी

कडबा "थोडा" म्हणजे किती? एक पेंढी चौघींत वाटताय की एकीला एक? खरा प्रश्न तिथंच आहे.

नेपियरनाथ

शेजाऱ्याचं ऐका. मी ठोंब विकत नाही, तरी सांगतो. कोईमतूरच्या कृषी विद्यापीठाचा को-४, को-५, नाहीतर राहुरीचा फुले जयवंत हा वाण. एकदा लावलं की तीन-चार वर्षं बघायला नको. कापा, पाणी द्या, शेणखत टाका, पुन्हा कापा. आमच्याकडे दावण भरलेली आहे आणि वैरण विकत आणायची वेळ येत नाही.

पेठेतला

मी फक्त दूध पितो, त्यामुळे माझ्या मताला शून्य किंमत आहे. तरी एक विचारतो. म्हशीला इतका हिरवा चारा घालता, तर गायीसारखं तिचं दूध पिवळसर का होत नाही? आमचा दूधवाला म्हणतो, पांढरं म्हणजे शुद्ध.

डॉ. रवंथ

पेठेतले, तुमच्यापासून सुरू करतो, कारण सोपं आहे. हिरव्या चाऱ्यातलं कॅरोटीन म्हैस जवळजवळ सगळं अ जीवनसत्त्वात बदलून टाकते, गाय थोडं तसंच दुधात सोडते. म्हणून गायीचं तूप पिवळं, म्हशीचं पांढरं. शुद्धतेशी याचा संबंध नाही. दूधवाल्याला माझा नमस्कार सांगा.

आता चिकोत्राकाठ. मी पशुवैद्यक आहे. पाचशे किलोच्या म्हशीला दिवसाला १३ ते १५ किलो कोरडं खाद्य लागतं. कोरडं म्हणजे चाऱ्यातलं पाणी वजा करून उरतं ते. आठ-नऊ लिटर देणारी असेल तर त्यात दीड किलोच्या आसपास प्रथिनं हवीत. वाढ्यात कोरड्या वजनावर ५-६ टक्के प्रथिनं असतात, कडब्यात ३-४. म्हशीचं पोट भरतं, रवंथ चालतो, पण प्रथिनं अर्धीसुद्धा भरत नाहीत. ती तूट तुम्ही विकतच्या पेंडेनं भरता. म्हणून पेंड कमी करायची असेल तर तिच्या जागी प्रथिनंच आली पाहिजेत, आणखी गवत नव्हे. नेपियर वेळेवर कापलं तर ८-१० टक्के. वाढ्यापेक्षा चांगलं, पण पेंडेची जागा घेणारं नाही. ती जागा घेतात द्विदल : लसूणघास, चवळी, शेवरी, हादगा, सुबाभूळ.

हिशेब बघा. १० किलो हिरव्या लसूणघासात साधारण २ किलो कोरडं खाद्य असतं, त्यात १८-२० टक्के प्रथिनं, म्हणजे ४०० ग्रॅमच्या जवळपास. २० टक्के प्रथिनांची गोळी पेंड २ किलो घातली तरी तेवढीच मिळतात. उष्मांकांतही फारसा फरक पडत नाही. तेव्हा दहा किलो घास घाला आणि दोन किलो पेंड काढा, दूध हलणार नाही. साडेपाचवरून साडेतीनवर आलात. त्याच्या खाली नऊ लिटरच्या म्हशीला आणू नका.

दुसरी गोष्ट पेंडेपेक्षा तातडीची. वाढ्यात ऑक्झलेट असतात, ते कॅल्शियमला धरून ठेवतात आणि शेणावाटे बाहेर काढतात. महिनोन्‌महिने निव्वळ वाढ्यावर असलेली म्हैस हाडातलं कॅल्शियम काढून तुम्हाला दूध देत असते. मग व्याल्यावर आडवी पडते किंवा माजावर येत नाही, आणि आपण नशिबाला बोल लावतो. वाढ्यावर चुन्याची निवळी शिंपडा, खनिज मिश्रण रोज ५० ग्रॅम चुकवू नका आणि वाढं एकूण हिरव्या वैरणीच्या निम्म्याच्या पुढं जाऊ देऊ नका.

आणि हो, धार काढताना रेडकू आधी सोडता की शेवटी?

बांधकरी

डॉक्टर, रेडकाचा प्रश्न एकदम वकिली झाला. पुढं काय?

नेपियरनाथ

डॉक्टरसाहेब, पुस्तकात ठीक आहे. आमच्या म्हशी नेपियरवरच दूध देतात. दोन वेळची पेंड एक वेळ केली, तरी कॅन रिकामा गेलेला नाही.

डॉ. रवंथ

नेपियरनाथ, एक वेळची पेंड आहे ना अजून? मग माझं आणि तुमचं भांडणच नाही. फक्त कापणीचं सांगा. पहिली कापणी ६०-७० दिवसांनी, पुढच्या ४०-४५ दिवसांनी घेता का? डोक्याच्या वर गेलेलं नेपियर म्हणजे बांबू. वजन खूप भरतं, ठोंब विकणारा खूश होतो, म्हैस मात्र पान ओढते आणि दांडा गव्हाणीत ठेवते. आणि ऑक्झलेट त्यातही असतात, वाढ्याबरोबर नेपियर म्हणजे दुखण्यावर दुखणं.

नेपियरनाथ

४५ ला कापतो. पावसाळ्यात राहून जातं कधी कधी. दांडा ठेवतात हे मान्य.

कुटारवाला

अकोल्यावरून लिहितो राजेहो. तुमच्याकडे वाढे, आमच्याकडे कुटार, म्हणजे मळणीतून उरलेला भुसा. तुरीचं, हरभऱ्याचं आणि आता सोयाबीनचं. मळणी झाली की लोक सोयाबीनचं कुटार धुऱ्यावर (बांधावर) पेटवून देतात, जीव जळते पाहून. कडब्यापेक्षा डाळवर्गाच्या कुटारात प्रथिनं जास्त असतात. हरभऱ्याच्या कुटाराला आंबूस चव असते, जनावर भिडते त्याला. आमच्या पूर्णाथडी म्हशी याच्यावरच जगल्या. चार-पाच लिटर देते, पण उन्हात टिकते अन् खाण्याचे चोचले नाही. ४५ अंशात तुमची मुऱ्हा आणून पाहा, दिवसभर पाण्यातून निघणार नाही.

भाऊ, तुमच्या भागात सोयाबीन होते ना? मळणीयंत्रामागचा भुसा कोणी नेते का? नाही तर ताडपत्री टाका अन् भरून घ्या. फक्त भिजलेला, बुरशी आलेला घेऊ नका.

चिकोत्राकाठ

सोयाबीन भरपूर होतं. भुसा रानातच पडून असतो. हे डोक्यातच आलं नव्हतं, धन्यवाद भाऊ.

बांधकरी, एक पेंढी चौघींत. आता बोला.

बांधकरी

मग फॅट कुठनं येणार दादा? दुधाची फॅट लांब काडीच्या चोथ्यातनं येते. वाडं यंत्रात बारीक कुटून, वर पाच किलो गोळी. म्हैस धड रवंथही करत नसेल. कडबा प्रत्येकीला किमान चार-पाच किलो तरी पाहिजे. कुट्टीही एक-दीड इंचाची ठेवा, पीठ करू नका.

माणदेशी

कडबा आणायचा कुठून ते बांधकरींनी सांगावं. मालदांडी शाळूचा कडबा आमच्या जनावरांचा जीव. पुरुषभर उंच, धाट गोड, शेंड्यापासून बुडख्यापर्यंत खाऊन टाकतात. पण शाळूचं क्षेत्र उतरत चाललंय. काढणीला माणूस मिळत नाही, धाटं उपटून उपटून हाताला फोड येतात. त्यामुळं शेकडा कडब्याचा भाव ऐकला की म्हैस विकावी वाटते. आमच्याकडं दुष्काळात छावण्यांत जनावरांना ऊस घातला होता. तुम्ही वाड्याला नावं ठेवताय, आम्ही त्याच्यासाठी रांगेत उभं राहिलो.

बांधकरी

माणदेशी, हे बरोबर बोललात. माझं म्हणणं एवढंच की ज्याच्याकडं पाणी आहे त्यानं शाळू पेरावा. अर्ध्या एकरातल्या दहा गुंठ्यांत पेरला तरी दाणा घरी, कडबा दावणीला.

तबेलापुत्र

जोगेश्वरीच्या तबेल्यात वाढलो. आता तबेला नाही, तिथं टॉवर आहे, पण वास अजून ओळखतो. आमच्याकडं हिरवं नावालाच असायचं. वाडा-पालघर बाजूनं वाळक्या गवताच्या गाठी ट्रकनं यायच्या. रात्री अडीचला पहिली धार, त्याआधी भय्या गवत फोडून टाकायचा, वर भिजवलेला चुनीचा (डाळीच्या चुऱ्याचा) खुराक. हिरवं कमी, पण लांब वाळलं गवत भरपूर, म्हणून फॅट कधी पडली नाही. बांधकरींच्या मुद्द्याला मुंबईचा पाठिंबा. बाकी आमच्याकडं भांडणं फॅटवरून नाही, पाण्यावरून व्हायची, आणि ते पाणी म्हशीनं प्यायलेलं नसायचं.

उडवी

तबेलापुत्रांनी आमच्या गवताची आठवण काढली म्हणून लिहिते. त्या गाठींतलं बरंचसं गवत उशिरा कापलेलं असतं. दसरा उलटला, दिवाळी झाली, डोंगर पिवळा पडला की कापणी. तोपर्यंत बी गळून गेलेलं असतं आणि गवतात जीव उरत नाही. फुलोऱ्यात असताना कापलं तर तेच गवत कितीतरी सकस, पण तेव्हा भाताची कामं अंगावर असतात आणि वर पाऊसही असतो. कापलेलं वाळवायचं कुठं? गवतांत पवना चांगला. कुसळी मात्र कुसळं धरण्याआधीच कापायला हवी, नाहीतर जनावराच्या तोंडात रुततात. आम्ही उडव्या (गवताच्या गंजी) रचतो त्या उंचवट्यावर, खाली लाकडं घालून, म्हणजे बुडाचं गवत काळं पडत नाही.

अझोलाप्रेमी

कोणीच अझोल्याचं, त्या पाण्यावर तरंगणाऱ्या वनस्पतीचं, नाव कसं काढलं नाही? २५ टक्के प्रथिनं! घरामागं प्लास्टिकचा खड्डा, दोन घमेली शेण, पाणी, झालं. रोज दोन किलो द्या आणि पेंड निम्मी करा. फुकटात.

हिशेबनीस

अझोलाप्रेमी, २५ टक्के हे कोरड्या वजनावर. ताज्या अझोल्यात ९४ टक्क्यांच्या आसपास पाणी. दोन किलोत कोरडं राहिलं १२० ग्रॅम, त्यातली प्रथिनं ३० ग्रॅम. म्हशीला हवीत दीड किलो. म्हणजे दोन किलो अझोला घालून तुम्ही निम्मी नव्हे, दीडशे ग्रॅम पेंड वाचवता. कोंबड्यांना घाला, खड्डा सार्थकी लागेल.

अझोलाप्रेमी

तुमच्यासारख्यांमुळेच शेतकरी नवीन काही करत नाही.

पेठेतला

खड्डा अझोल्याचा, पडले अझोलाप्रेमी. :)

भारेवाली

मघापासून सगळं वाचतेय. सगळ्यांनी किलो काढले, टक्के काढले. कापणार कोण, हे एकानं लिहिलं नाही.

पन्हाळा भाग. आमच्या दावणीचं सगळं मी आणि सासूबाई बघतो. नेपियर पुरुषमाणूस कापतो, कारण ते उभ्यानं कोयत्यानं तोडता येतं आणि गाडीत टाकता येतं. घास बसून विळ्यानं कापावा लागतो, मुठी-मुठीनं. दवात कापला तर म्हैस फुगते, म्हणून ऊन चढल्यावर जायचं. म्हणजे सकाळच्या धारा, शेणघाण, डबे उरकून पुन्हा रानात बसायचं. चार म्हशींना दहा-दहा किलो म्हणजे चाळीस किलो घास रोज. चाळीस किलोचे दोन भारे होतात. तुमच्या घरात ते कोणाच्या डोक्यावर येणार आहेत, ते आधी विचारा आणि मग पेरा.

पेंड घालायला सोपी म्हणून घरात येते. पोतं फोडलं, मापानं घातलं, झालं. ती महाग आहे, पण तिच्यात आमचे दोन तास नाहीत.

तरी मी घास घालते. कारण पेंडेचे पैसे बिलातून परस्पर जातात आणि घासाचे हातात राहतात. पण चाळीस किलो नाही. जमेल तेवढा घास आणि बाकी शेवरी. शेवरी उभ्यानं छाटायची, फांद्या तशाच गव्हाणीवर टांगायच्या. म्हशी पाला ओरबाडून खातात, काड्या चुलीला. बांधावर ओळ लावली की जागाही अडत नाही. मिरजेकडं, माझ्या माहेरी, पानमळ्यात आधाराला शेवरी लावतात. तिथं छाटणीचा पाला शेरडांच्या पुढं जायचा, इथं मी म्हशीला घालते. सुरुवातीला तोंड लावत नव्हत्या. पाला अर्धा दिवस सुकवला आणि वर गुळाचं पाणी शिंपडलं, मग लागल्या.

आणि बांधाचं गवत म्हणून जे सगळे उसासे टाकतात, त्यात केना आणि हरळी चांगली, पण हल्ली बांधावर तणनाशक मारलेलं असतं. आम्ही विचारल्याशिवाय दुसऱ्याच्या बांधाला विळा लावत नाही. गाजरगवत एक काडी गेली तरी चालत नाही, दुधाला कडवट चव येते.

बांधकरी

ताई, दंडवत. या धाग्याचं शीर्षक बदलून "कापणार कोण" करा.

डॉ. रवंथ

भारेवाली ताईंनी दवाचं लिहिलं ते सोन्यासारखं आहे. कोवळा, ओला घास उपाशी पोटी घातला की पोटफुगी ठरलेली. आधी कडबा, मग घास. घासावरच मोकळं सोडू नका. डावी भकाळी (कुशीचा खळगा) फुगलेली दिसली, म्हैस पाय आपटतेय, तर पाव ते अर्धा लिटर गोडं तेल सावकाश पाजा, ठसका लागू देऊ नका, आणि आम्हाला फोन करा. आधी फोन केलात तरी चालेल.

शेवरीबद्दल पूर्ण सहमत. सुबाभळीचं मात्र मापात घ्या, एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत. तिच्यात मिमोसीन असतं, जास्त झालं की केस गळतात. ऑस्ट्रेलियात गुरांना याचा फार त्रास व्हायचा. रेमंड जोन्स या संशोधकाच्या लक्षात आलं की हवाई बेटांवरच्या शेळ्या सुबाभूळ खाऊनही ठणठणीत आहेत. त्यांच्या पोटात हे विष पचवणारे जिवाणू होते. ते ऑस्ट्रेलियातल्या गुरांच्या पोटात सोडले आणि प्रश्न सुटला. त्या जिवाणूला त्यांच्याच नावावरून सिनर्जिस्टिस जोन्साय म्हणतात.

पेठेतला

म्हणजे शेळीच्या पोटातलं काढून गायीच्या पोटात. आम्ही दह्याला विरजण मागायला शेजारी जातो, तसंच.

गंगावेस

धागा वाचून कोल्हापूरची सय आली. आता बंगळूरला असतो. संध्याकाळी दूधकट्ट्यावर पंढरपुरी म्हशी उभ्या, समोर धार काढून ग्लासात फेसाळ दूध. लांबलचक तलवारीसारखी शिंगं, गर्दीतून चालताना माणसं आपोआप बाजूला होतात. आणि दिवाळीत सजवलेल्या म्हशी मोटारसायकलच्या मागं पळवतात, ते इथं कोणाला सांगितलं तर खोटं वाटतं. मुऱ्हा कशाला घेता राव? आपली पंढरपुरी काय वाईट आहे?

चिकोत्राकाठ

वाईट काहीच नाही. कमी खाते, बारा-तेरा महिन्यांत पुन्हा वेते. मुऱ्हा दूध जास्त देते, पण लवकर गाभण राहत नाही, भाकड काळ खातो. पण बँकेचं कर्ज मुऱ्ह्यालाच मिळतं असं गावात सगळे म्हणतात. :)

डॉक्टर, रेडकाचं विचारलं होतं. आधी पान्हा सोडायला लावतो आणि शेवटी पुन्हा सोडतो. आई एक सड राखते रेडकासाठी.

डॉ. रवंथ

तिथंच थोडी फॅट जातेय. धारेचं पहिलं दूध पातळ असतं, शेवटचं सगळ्यात दाट. तुम्ही पातळ डेअरीला घालता आणि साय रेडकू पितं. सड राखायचाच असेल तर रेडकाला आधी पोटभर पाजून घ्या आणि शेवटची धार कासंडीत काढा. शिवाय सकाळ-संध्याकाळच्या धारांत सारखं अंतर नसेल तर फॅटही सारखी लागत नाही. जास्त तास साठलेल्या दुधाची कमी येते. आणि ताजी व्यालेली म्हैस दूध भरात असताना कमी फॅट देते, वेत सरत आलं की वाढते. तुमच्या मुऱ्ह्याची नेमकी कधीची नोंद बघताय?

चिकोत्राकाठ

मुऱ्हा व्याली दिवाळीत. आईला शेवटच्या धारेचं सांगितलं. ती म्हणाली, "डॉक्टरला म्हणावं, रेडी मोठी झाली की तूच दूध पिणार आहेस तिचं." तेव्हा या बाबतीत आमच्याकडं बदल होणार नाही.

माणदेशी

आईंचं बरोबर आहे. रेडी राखली तर मुऱ्हा विकत आणावी लागत नाही.

हिशेबनीस

अर्ध्या एकराचं गणित मांडतो, बघा पटतं का. लसूणघास वर्षाला हेक्टरी ८० ते १०० टन, म्हणजे गुंठ्याला ८००-१००० किलो. चाळीस किलो रोज म्हणजे वर्षाला साडेचौदा टन, त्याला १५ ते १८ गुंठे. कागदावर बसतं, पण भारेवालींचं ऐकून मी निम्माच धरतो : ८-९ गुंठे घास, रोज वीस किलो, तोही दुधातल्या तिघींनाच. बांधावर शेवरी. पाच गुंठे नेपियर. उरलेल्या रानात खरिपात मका आणि चवळी मिसळून, रब्बीत शाळू. मका चिकात आला की कापून मुरघास घाला, म्हणजे हवाबंद दाबून साठवा, वाडं संपल्यावर एप्रिल-मेला तोच हात देतो. आणि सोयाबीनचा भुसा, जो फुकट आहे. यातून पेंड निम्मी होत नाही. मुऱ्ह्याची किलो-दीड किलो, पंढरपुरीची एक किलो कमी होते. वर्षाचा हिशेब काढलात तर तेवढंही पुष्कळ आहे.

बांधकरी

मका तरी उसाच्या लागणीत सरीच्या बगलेला टोकतातच आमच्याकडं. त्यात चवळीचे दाणे टाका, वेगळं रानही नको.

शाळूचं एक लक्षात ठेवा. कोवळा, गुडघाभर, त्यात पाण्याचा ताण पडलेला, तो जनावराला घालू नका. किराळ लागते, म्हणजे विषबाधा होते, तासाभरात खेळ खलास. फुलोऱ्यात आल्यावर घाला.

उडवी

भाताचा पेंढा किंवा गव्हाचं काड असेल तर युरियाची प्रक्रिया पण चालते ना डॉक्टर? आमच्याकडं शिबिरात दाखवलं होतं.

डॉ. रवंथ

चालते आणि स्वस्तात होते. १०० किलो काडाला ४ किलो युरिया, ५०-६० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थरांवर शिंपडायचा, दाबायचं, हवाबंद झाकून २१ दिवस ठेवायचं. उघडल्यावर वास उडून जाईपर्यंत थोडा वेळ पसरून ठेवा, मग घाला. सहा महिन्यांच्या आतल्या रेडकांना नाही. युरियाचं उरलेलं पाणी बादलीत ठेवून जाऊ नका, म्हैस पिते आणि मरते.

चिकोत्राकाठ, तुमच्या गाभण मुऱ्ह्याचं वेगळं. शेवटचे दोन महिने तिचा खुराक अजिबात कापू नका, पुढचं वेत त्यावर अवलंबून आहे. पण व्यायच्या आधीचे दोन-तीन आठवडे तिला लसूणघास देऊ नका. त्यात कॅल्शियम जास्त असतं. आयतं मिळत राहिलं की हाडातून काढायची सवय मोडते आणि व्याल्यावर एकदम गरज पडली की म्हैस आडवी होते. बाकीच्यांचा बदलही हळूहळू, दहा-बारा दिवसांत करा. पोटातल्या जिवाणूंना नवीन खाद्याची सवय लागू द्या.

नेपियरनाथ

पाच गुंठे नेपियर मंजूर झालं हे बघून बरं वाटलं. शेजाऱ्याकडून ठोंब घेऊ नका, दोन डोळ्यांच्या कांड्या मी देतो. फक्त न्यायला या.

चिकोत्राकाठ

येतो. हिशेबनीसांचा आराखडा घरी वाचून दाखवला. बायको म्हणाली घास पाच गुंठे, शेवरी वाढवा, आणि विळा दोघांनी धरायचा. त्यामुळं घास पाच गुंठे. भुशाचं दोन शेतकऱ्यांशी बोललो, येत्या मळणीला न्या म्हणाले. चुन्याची निवळी कालपासून चालू केली. कडबा माणदेशींच्या भागातून शेकड्यानं मागवतोय, भाव ऐकून वडिलांनी फॅटचा विषय सोडून दिला.

घासाचं बी आत्ता टाकलं तर चालेल का?

भारेवाली

ऑक्टोबर-नोव्हेंबर खरा मोसम. आता उशीर झालाय, पण थंडी आहे तोवर पेरा. पहिला काप दोन महिन्यांनी, मग महिन्या-महिन्याला. बी घेताना अमरवेलीचं बी मिसळलेलं नाही ना ते बघा. एकदा वाफ्यात अमरवेल आली की घास पिवळा पडतो, तेवढा तुकडा मुळासकट काढून जाळावा लागतो.

चिकोत्राकाठ

ओळखायचं कसं? बी आणलं की फोटो टाकू का?

भारेवाली

फोटोत कळत नाही. घासाचं बी घेवड्याच्या दाण्यासारखं वाकडं, पण बारीक, पिवळसर. अमरवेलीचं त्याहून बारीक, गोल, मळकट. बारीक चाळणीनं चाळा. खाली पडेल ते चुलीत.